पुन्हा न येणारी नक्षी

३ सप्टें., बुध.
आणि दादाचं म्हणणं तरी काय, तर फरशी बसवायला डोकं लागत न्हाई. बरं. मग ठिबकच्या नळ्या मोजून द्यायला लागतं का? दसऱ्याला मिरजगावात ठिबकचं दुकान उघडतोय, गल्ल्यावर घरचाच माणूस पाहिजे, म्हणून मी बंगळूर सोडायचं. म्हणालो, हातातलं काम होऊ दे. "सातवीपासनं तू कशात टिकलाय?" म्हणाला. फोन ठेवला. मीच.

५ सप्टें.
काम गणितवाल्यांच्या संस्थेत. इथं माणसं दिवसभर नुसतं गणित करतात. चहाच्या टेबलाजवळपण फळा. एका दालनाला फरशी घालायची, पण चौकोनी न्हाई. मॅडमनी पुठ्ठ्याचा एक तुकडा हातात दिला (इथल्या प्रोफेसर, केरळच्या, हिंदीत बोलतात). तेरा कडा. टोपी म्हणतात त्याला. मला एक बाही दुमडलेला सदरा वाटला.
हा एकच आकार सगळी जमीन झाकतो, फट न ठेवता, आणि नक्षी परत परत तीच येत न्हाई. कधीच. म्हणालो, मॅडम, पहिली रांग दोरीत लावली की बाकीची खोली तिच्या मागं येते, फरशीचं असंच असतं. हसल्या. "अशी रांग सापडली तर मला आधी सांग. आम्हाला तोंड लपवायला वेळ दे."
नानामामा, म्हंजे आमचा मिस्त्री, गुण्या लावून बघत बसला. मग म्हणाला, "भाचेराव, हे माझ्या काटकोनात बसत न्हाई. खोली तुझी. नीट झाली तर पुढचं काम तुझ्या नावानं धरू."
"आन न्हाई झाली तर?"
"ठिबक."

९ सप्टें.
पुठ्ठ्याचे शंभर तुकडे कापले. जेवणाच्या सुट्टीत लावतो. चाळीसेक बसतात, मग मधेच असं भोक पडतं की काहीच जात न्हाई. उचल, परत लाव. गणितवाले ताटं घेऊन भोवती उभे. एक दाढीवाला म्हणाला, अडकलास म्हणजे बरोबर चाललंय.
मॅडमनी युक्ती सांगितली. सुट्या लावायच्या न्हाईत. आधी घोळके करायचे, काही चौघांचे, काही दोघांचे, एखादी एकटी. घोळक्यांचे मोठे घोळके, त्यांचे अजून मोठे. गावकी, भावकीसारखं.
आणि हे सापडून फार तर दोन-तीन वर्षं झालीत. सापडलं कोणा प्रोफेसरला न्हाई, घरी कागद कापत बसणाऱ्या एका हौशी माणसाला. हे दादाला सांगायला पाहिजे. नको, त्याला सांगून...

१४ सप्टें., रवि.
सुट्टी. रांग शोधत बसलो, मॅडमची जिरवायची म्हणून. दुपारपर्यंत वाटलं सापडली, सात घोळके ओळीनं सारखे. आठवा फितूर झाला. परत नव्यानं. परत फितूर. लई आनंद झाला, का ते कळंना. हरून असं कधी झालं न्हाई.

१९ सप्टें.
दगड आला. कोटा, हिरवट, अडीचशे तुकडे. पाण्याच्या धारेनं कापलेत, कड सुरीसारखी. नारळ फोडला. सोमवारी सुरू.

२२ सप्टें., सोम.
बसत न्हाई.
पाच बसल्या, सहावी बसंना. जागा बरोबर, आकार बरोबर, पण जागा उजवी आणि फरशी डावी. चप्पल उलट्या पायात घातल्यागत. संध्याकाळी उलगडलं. पुठ्ठ्याला दोन्हीकडून रंग एकच, म्हणून लावताना मी काही तुकडे पालथे घालत होतो आणि मलाच पत्ता नव्हता. सात-आठांमागं एक पालथी लागतेच. कापणाऱ्याला मात्र मी ऐटीत सांगितलं हुतं, एकच साचा, सगळे सारखे.
मॅडमनी कपाळाला हात लावला. "आम्ही उलटी-सुलटी एकच धरतो रे. कागदाला कुठे पाठ असते?" दगडाला असते. एक अंग घासलेलं, दुसरं खडबडीत.
मामानं सहावी फरशी उचलून भिंतीला टेकवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नवा माल यायला तीन आठवडे, दादाचा दसरा दहा दिवसांवर.

२४ सप्टें.
दगड आहे हे नशीब. चकचकीत टाइल असती तर संपलंच हुतं. तिचा रंग वरच्या वर असतो, दगड आतपर्यंत दगडच. सकाळी एक तुकडा पालथा केला, मशीनखाली पाठ घासली. कडा सरळ खाली उतरलेल्या, त्यामुळं उलटा होऊनही शेजारच्यांना बरोबर भिडला. आणि पाठ निघाली तपकिरी! हिरव्यात एकच तपकिरी, तीन हिरव्या तिला बिलगून.
मॅडम साडीसकट गुडघ्यांवर बसल्या. "उलट्या कोणत्या ते आम्ही पेन्सिलीनं रंगवतो. तुझ्या दगडानं स्वतःच सांगितलं." मामानं सांध्यावरून रुपया ओढला. कुठं अडला न्हाई. "चालंल," म्हणाला. मामाचं चालंल म्हंजे लोकांचं वा वा.
बत्तीस तुकड्यांच्या पाठी घासायच्यात.

१ ऑक्टो., खंडेनवमी
काम बंद. थापी, गुण्या, कटर, पॉलिशचं मशीन मांडून पूजा केली. मॅडम आल्या आणि खडू, डस्टर त्यात ठेवून दिलं. मामानं त्यालाही हळदकुंकू लावलं आणि बजावलं, "आज शिवायचं न्हाई बरं का बाई. हत्यारं झोपल्यात." मॅडम दिवसभर बिनखडूच्या. दाढीवाल्याला काहीतरी समजावत होत्या, बोटानं हवेत लिहून. तो म्हणे, पुसलंत कशाला.

४ ऑक्टो., शनि.
दसरा गेला, मी गेलो न्हाई. निम्मं दालन झालं. लोक चपला बाहेर काढून आत येतात, कोणी सांगितलेलं नसताना. वरच्या मजल्यावरही दालन आहे. तिथं या टोपीनंतर निघालेला आकार घालायचाय, जो पालथा करावाच लागत न्हाई म्हणे. मॅडमनी मामाला विचारलं. मामा म्हणाला, "मला नका विचारू, त्याला विचारा." हो म्हणून बसलो. कसं जमणार, माहीत न्हाई.
दादाचा फोन. गल्ल्यावर आईला बसवलंय आणि ती ओळखीच्यांना फुकट नळ्या देते. "मग येतोस कधी?" मी म्हणालो, येत न्हाई, माणूस ठेव, त्याचा पहिल्या महिन्याचा पगार मी देतो. मग म्हणाला, "त्या फरशीचा फोटो तरी पाठव." रागात की कशात, कळलं न्हाई. फोटो पाठवला. सोमवारी पैसे पाठवतो, नऊ हजार.