एवढा एकच ‘तू’

३ मार्च
पुन्हा अडकले. एका शब्दावर! परदेशी सिनेमा आहे, उतारवयात जुळलेल्या प्रेमाचा. त्यातल्या विधवेला मी आवाज देते आहे. सिनेमाभर ती त्याला ‘तुम्ही’ म्हणते आणि अगदी शेवटी, दारात उभी राहून, ‘तू थांब ना.’ माझ्या तोंडून दर वेळी ‘तुम्ही थांबा ना’च निघतं. साउंडवाला काचेपलीकडून म्हणतो, ‘बाई, ओठ जुळत नाहीत.’ जुळतील कसे? नवऱ्याला त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत ‘अहो’च म्हटलं. पोटच्या पोराशिवाय कुणा पुरुषाला ‘तू’ म्हटल्याचं आठवत नाही.

नायकाचा आवाज खर्जांचा. खरं नाव वेगळं, पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, म्हणून स्टुडिओत सगळे खर्जच म्हणतात. म्हणाले, ‘घाई नाही. ते वाक्य सगळ्यात शेवटी घेऊ.’

५ मार्च
पोटातले कावळे माइकला ऐकू जातात, म्हणून केळं खाऊन गेले. तर खर्जांनी माझ्यासाठी संत्रं सोलून ठेवलेलं. तेही खाल्लं. आज फार खोकत होते.

जिन्यात त्यांनी विचारलं. सरळच. ‘माझ्याकडे राहायला याल? लग्न करून, न करून, तुम्ही म्हणाल तसं.’ बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्यांची. मी म्हटलं, सांगते. वाटेत दूध घ्यायचं विसरले. कोरा चहा प्यायले.

मला हो म्हणायचं आहे. इथे तरी लिहून टाकते.

६ मार्च
मुलाला सांगितलं. भरल्या ताटावरून उठला. ‘आई, या वयात? मी लोकांना तोंड कुठे दाखवू?’ सून ग्लासांत पाणी ओतत राहिली. माझ्याच घरात चोरासारखी बसले होते.

१४ मार्च
अजून ‘हो’ सांगितलेलं नाही. भित्री कुठली.

१५ मार्च
खर्जांच्या घशात गाठ निघाली – वाईट गाठ. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढणार. त्यांनी आज बसून आपले उरलेले सगळे संवाद पुरे केले, मधे मधे गरम पाणी पीत. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. जाताना म्हणाले, ‘आता तुमचा तेवढा ‘तू’ राहिला. मला समोर ऐकवा. आवाज जाणार आहे, कान शाबूत आहेत.’ सगळे हसले. मला हसता येईना.

१९ मार्च
उद्या ऑपरेशन. मुलाला न सांगता दवाखान्यात गेले. ठरवून गेले होते – हो म्हणायचं, तेही ‘तू’ म्हणून. हात हातात घेतला, तोंड उघडलं आणि काय म्हणाले? ‘काळजी घ्या हं तुम्ही.’ जळली मेली जीभ!

ते म्हणाले, ‘घाई नाही.’

त्यांच्या आवाजातलं ते शेवटचं. मी बसस्टॉपवर उभी राहून रडले.

२१ मार्च
ऑपरेशन झालं, पण रक्त थांबेना. शुद्धीवर नाहीत. फोनवरचं माझं बोलणं मुलानं ऐकलं असावं. सकाळी तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. चप्पल घालूनच. ‘चल, सोडतो तुला दवाखान्यात,’ म्हणाला. आयसीयूच्या काचेतून फक्त खर्जांचे पाय दिसले.

२५ मार्च
तो परवा गेला.

आज स्टुडिओत गेले. हेडफोनमध्ये त्याचा आवाज होता. ‘तू थांब ना,’ म्हटलं. पहिल्याच टेकला ओठ जुळले.