तुझं ‘दाखव’

रविवार, ९ मार्च
दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद लिहिणार होते, पण तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, तेव्हा शिरसाष्टांग नमस्कारच घे. नातू कसा आहे? दात आले का? सूनबाईंची पाठ आता बरी असेल. शाळेत सिस्टरनी शिकवलेलं मी अजून पाळते: पत्रात आधी समोरच्याची विचारपूस, मग आपलं रडगाणं. तू तेव्हाही उलटं लिहायचीस आणि पट्टी खायचीस.

माझी तब्येत ठणठणीत. गुडघा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासूनच तक्रारखोर. जिन्याच्या कठड्याला नवा रंग दिलाय, अगदी दवाखान्यासारखा हिरवा. तू असतीस तर त्या रंगाऱ्याचं काही खरं नव्हतं.

ऑफिसची बातमी मात्र मोठी आहे. नवा टीम लीड आलाय, हे फोनवर बोलले होते. पोरगा चांगला आहे, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने आल्या आल्या प्रोग्रॅम तपासायच्या आपल्या सगळ्या टेस्ट उघडून वाचल्या. मंगळवारी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला.

“मॅडम, हे ‘दाखव’ काय आहे?”

“छोटंसं फंक्शन आहे. टेस्ट चालू असताना कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय भरलंय, ते त्याच्या नावासकट पडद्यावर छापतं. टेस्ट नापास झाली की कुठे बिनसलं ते लगेच दिसतं.”

“ते कळलं. पण प्रत्येक ओळीआधी ‘घे, बघ बाई’ असं का छापतं?”

काय सांगणार? म्हटलं, “लिहिणारीचा स्वभाव.”

हसला बिचारा. मग म्हणाला, “आताचं टूल टेस्ट नापास झाली की स्वतःच सगळं सांगतं. पडदाभर हे ‘घे, बघ बाई’ कशाला? काढून टाकाल का?”

त्याचं बरोबरच होतं. मी काढायला बसले. तू ते लिहिलंस तेव्हा मी किती भांडले होते तुझ्याशी, ऑफिसच्या कामात कसली चेष्टा म्हणून! तू म्हणाली होतीस, “मास्तरीण, दिवसभर मशीन आपल्याशी एक शब्द बोलत नाही. निदान आपलं फंक्शन तरी बोलू दे.” पुढे मला त्याची सवयच लागली. तू मुदतीआधीच निवृत्ती घेऊन मुलाकडे गेल्यापासून तर सकाळी टेस्ट चालवल्या की वाटायचं, तू शेजारच्या खुर्चीतून बोलतेयस. पास झालेल्या टेस्टसुद्धा मी उगाच पुन्हा चालवायचे. हे लीडला सांगितलेलं नाही. तूही कुणाला सांगू नकोस.

असो. सगळी ‘दाखव’ काढली आणि ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमची एक टेस्ट धाडकन नापास झाली. वाचकाने नेलेल्या पुस्तकांची यादी रिकामी! ‘दाखव’ परत घातलं, तर पास. काढलं, नापास. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. शेवटी लीडला हाक मारली. त्याने बराच वेळ पडद्याकडे बघितलं, नखं कुरतडली आणि मग टाळी वाजवली.

“मॅडम, नोंदींची फाइल उघडी असताना कुणी ही यादी वाचली, तरच ती भरते. तुमचं ‘दाखव’ ती छापण्यासाठी वाचायचं, तेव्हा ती भरायची. टेस्ट फाइल बंद झाल्यावर बघायची, तर सगळं जागेवर! खऱ्या प्रोग्रॅममध्ये कोण छापणार? तिथे ती रिकामीच राहिली असती.”

म्हणजे बघ, चूक शोधायला म्हणून आपण दोघींनी जे घातलं, त्यानेच चूक झाकून ठेवली होती. नशीब, हा भाग अजून ग्रंथालयाला दिलेला नव्हता. लीडने प्रोग्रॅम दुरुस्त केला, यादी आधीच भरून घेतली. आता टेस्ट ‘दाखव’शिवाय पास होते. तो खूश. म्हणाला, “चला, आता हिच्याकडे कुणी बघितलं नाही तरी हिचं चालतं.”

मी हो हो म्हटलं आणि तोंड धुवायला गेले.

आता पडदा अगदी स्वच्छ असतो. सगळं पास, आणि सगळं गप्प.

बाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या झोडपतंय. मी मघापासून उठून बघून येतेय, पाणी पितेय, पेन बदलतेय. लिहायचं आहे ते लिहीत नाहीये.

तर तुझा फ्लॅट. मुलाने सांगितल्याप्रमाणे मी परवा संध्याकाळी विकत घेऊ म्हणणाऱ्या त्या नवराबायकोला तो उघडून दाखवला. माणसं चांगली वाटली. ती मुलगी तुझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवत होती, तिला फार आवडलेलं दिसलं. विचारते, “काकू, इथे सकाळचं ऊन येतं का हो?”

मी म्हटलं, “छे! नावालासुद्धा नाही.”

ठमे, संध्याकाळ होती, तिला कसं कळणार? एवढ्यावर थांबायचं, तर मी पुढे म्हटलं, “शिवाय समोर राहणारी बाई फार चौकस आहे.”

“समोरची म्हणजे?”

“म्हणजे मी.”

त्यांचा परत फोन आला नाही. तुझा मुलगा म्हणत असेल, गिऱ्हाईक टिकत नाही. त्याला सांग, गिऱ्हाइकाचा दोष नाही.

मागच्या फोनवर तू विचारलंस, “विकून टाकू का गं? इथेच राहू?” मी म्हटलं, मुलाकडेच राहावं, वय झालं आता. तू लगेच नातवाच्या खोकल्याबद्दल बोलायला लागलीस. ते मत माझं नव्हतं. ते किराणा दुकानात उभ्या असलेल्या चार बायकांचं मत होतं, मी फक्त तुझ्यापर्यंत पोचवलं.

माझं मत हे आहे. दिवसभरात तुला सांगायच्या गोष्टी साठतात आणि संध्याकाळपर्यंत शिळ्या होतात. सुट्टीच्या दिवशी मी दार नुसतं लोटून ठेवते. कडी लावायला हात जातो आणि परत येतो. मागच्या रविवारी खालचा वॉचमन वर आला, “मॅडम, दार उघडं राहिलंय.” मी म्हटलं, हवा येते. वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि त्यालाही ते दिसत होतं.

नातवाला सोडून ये, असं म्हणायचा मला काय अधिकार? मी ना तुझी बहीण, ना विहीण. मुलगा आहे, सून आहे, त्यांचा हक्क आधी. तिकडे हवं तितकं राहा, त्याला चालायला शिकव, बोलायला शिकव. पण घर विकू नकोस. आणि मग ये. चार दिवसांसाठी पाहुणी म्हणून नाही, राहायला ये.

उत्तर फोनवर देऊ नकोस. फोनवर आपण दोघी फार शहाण्यासारखं बोलतो.

कसलाही हक्क नसताना मागणारी,
तुझी
मास्तरीण