ज्याचा हात, त्याची रेघ

बुधवार, ७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही तिघं ठीक आहोत. 'मजेत' लिहिणार होते, पण आई म्हणाली, "मजेत लिहू नकोस, त्याला वाटेल आपलं त्याच्यावाचून अडत नाही." तेव्हा ठीक आहोत. तुझा पूल कुठवर आला? अजून नदीच्या मधोमधच लोंबकळतोयस की पलीकडे पोचलास?

सवत आता दोन चाकांवर उभी आहे. (आई अजूनही बाबांच्या या मोटरसायकलला सवतच म्हणते. पाहुणे दचकतात.) गॅरेज बंद केल्यापासून ती बैठकीच्या खोलीत असते आणि आम्ही उरलेल्या जागेत. तू पाहिलीस तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण झालेलं होतं, आठवतं? आता टाकी अशी लाल झाली आहे की दिवा लावायच्या आधी खोलीत तीच दिसते. दोन्ही सिलिंडर दोन बाजूंना, कंबरेवर हात ठेवून उभ्या बाईच्या कोपरांसारखे. अशा इटालियन गाड्या जगात थोड्याच उरल्यात, हे बाबा पेपरवाल्यालाही ऐकवतात.

इंजिनात बेअरिंग बसवायचं होतं तेव्हा बाबांनी इंजिनाचं कवच आईच्या ओव्हनमध्ये तापवलं आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं. एक फुगतं, दुसरं आकसतं, हातोडा लागत नाही. बसलंही अगदी अलगद. मात्र त्या आठवड्यातल्या केकला इंजिन ऑइलचा वास आला, आणि आईने तो अख्खा केक बाबांच्याच पुढ्यात ठेवला. त्यांनी गुमान खाल्ला.

माझं नेहमीचंच. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करायच्या आणि घरी आल्यावर कार्ब्युरेटर घासायचे. हातांना फरक कळत नाही आता.

परवा नेलपेंटच्या बाटल्या पुसत होते. तुला आठवत असेलच बाबांचा नियम, ज्याचा हात त्याची रेघ. नट आवळला की नटावरून खालच्या लोखंडावर एक रेघ ओढायची, म्हणजे नट नंतर फिरला तर रेघ तुटलेली लांबूनही दिसते. दुसऱ्याने आवळलेल्यावर आपली रेघ द्यायची नाही, आणि न आवळता तर प्राण गेला तरी नाही. बाबांची लाल, आईच्याच बाटलीतून सुरू झालेली. माझी चंदेरी. तुझी निळी, कारण निळी बाटली आईने "मी काय भूत आहे का" म्हणून टाकून दिली होती. ती हल्ली कुठे आहे मला ठाऊक नाही. तो विषय या घरात निघत नाही.

बरं, एक सुचवायचं होतं. यंदा चढाची शर्यत राहू दे का? टाकीचा रंग अजून पुरता मुरलेला नाही. टायरही नवे आहेत, निसरडे असतात म्हणे. तू नुसता ये. चार दिवस राहा, आईच्या हातचं खा, गाडीशेजारी उभा राहून फोटो काढ. चालवायचं पुढच्या वर्षी बघू.

बाबांना हे सांगितलेलं नाही. "गाडी तयार झाली की येऊन ने आणि शर्यतीत चालव" हे मागच्या पत्रात त्यांनी मला लिहायला लावलं, तेव्हा पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुझ्यासाठी वाक्य निघालं होतं. तू "येतो" म्हणून कळवलंस त्या दिवसापासून ते शिट्टी वाजवत काम करतात. सूर भयंकर आहे. २५ तारखेला, रविवारी सकाळी, इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ठरलंय.

तुझी,
बारकी

ता. क. पुढच्या ब्रेकचं मी पुन्हा एकदा बघून घेतलं आहे. काळजी नको.


सोमवार, १९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, थोबाडीत द्यावी तशा तीन ओळी. "बाबांना अजून माझ्या हाताचा भरवसा नाही, हे सरळ लिही. टाकीच्या रंगामागे कशाला लपतेस?"

मी चिडले, दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग लक्षात आलं, तुला दुसरं काय वाटणार?

दादा, प्रश्न तुझ्या हाताचा नाही. बाबांच्या हाताचा भरवसा राहिला नाही. लिहिलं बघ एकदाचं.

गेल्या महिन्यात मी पुढचं चाक पुसत होते. ब्रेकवर फडकं दाबलं तर अख्खा ब्रेकच माझ्या हाताबरोबर हलला. दोन्ही बोल्टांवर लाल रेघ, सरळ, अखंड. तुटेल कशी? बोल्ट आवळलेच नव्हते. बोटांनी फिरवून बसवले होते आणि वर रेघ ओढली होती. मला वाटलं, होते एखादी चूक. मग मागचं चाक पाहिलं. मग हँडल. पाचातली एखादी रेघ खोटी निघते. ते काम सुरू करतात, मध्येच कोणीतरी हाक मारतं, आणि परत येऊन बसतात तेव्हा हातात पान्याऐवजी बाटली घेतात. आपण आवळलं की नाही हे त्यांना आठवत नाही, आणि आठवत नाही हेही कळत नाही. चहा झालाय हेही विसरतात. आईच्या मते तो विसरभोळेपणा नाही, लबाडी आहे. म्हणते असं, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

ते संध्याकाळी फिरायला गेले की मी पाना घेऊन बसते. सैल निघालेला बोल्ट आवळते. आवळताना रेघ तुटते, म्हणून ती खरवडते आणि त्यांच्याच बाटलीतून पुन्हा लाल रेघ ओढते. माझ्या हातावर त्यांचा रंग. या घरात याहून मोठा गुन्हा नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

बाहेरचे सगळे नट-बोल्ट झाले. उरलं ते इंजिन, आणि मला घोर लागलाय तो त्याचाच. पिस्टनचे दोन दांडे क्रँकला चार बोल्टांनी धरलेले असतात. ते बोल्ट बाबांनी एकट्याने बसवले, मी कामावर होते. आईला सहज विचारलं तर म्हणाली, "त्याच दिवशी वरचे शिंपीकाका पॅन्ट द्यायला आले होते ना, हे उठून गेले, तासभर गप्पा हाणल्या, आले आणि म्हणाले, झालं, बंद करतो." आणि खालचं झाकण लावून टाकलं. त्या चारांपैकी एक जरी सैल असेल तर इंजिन थोडा वेळ चालेल, गुरगुरेल, छान वाटेल. मग वेगात कधीतरी दांडा कवच फोडून बाहेर येईल आणि मागचं चाक जागच्या जागी जखडेल. तेव्हा तू चढावर असशील, वळणावर.

पण तुझ्याही आधी रविवारी ते बसणार आहेत. पहिली फेरी माझी, असं साऱ्या गल्लीला सांगून झालंय.

म्हणशील, मग सांग की त्यांना. कोणत्या तोंडाने सांगू? चित्रकलेच्या सरांच्या गाडीचं मागचं चाक निसटलं, त्यांचा गुडघा कायमचा गेला, आणि त्या नटाशेजारी तुझी निळी रेघ होती. "ज्याची रेघ खोटी, त्याने माझ्या पान्याला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले होते. तू एकदाच म्हणालास, "मी आवळला होता," आणि बॅग भरलीस. एका रेघेवरून पोटच्या पोराला बाहेर काढलेल्या माणसाला मी सांगू, की बाबा, तुमच्या रेघा खोट्या आहेत? ते मोडतील, दादा. मला भीती वाटते. रविवारचीही वाटते आणि सांगण्याचीही.

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, शुक्रवारपर्यंत मिळेल. मिळताच फोन कर. "इंजिन उघडून दाखवल्याशिवाय मी बसणार नाही," असं तू म्हणालास तर ते आकाशपाताळ एक करतील, पण उघडतील. माझ्याने होत नाही. तू कर.

भेदरलेली,
बारकी


शनिवार, २४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझा फोन आला नाही. पत्र पोचलं नसेल, की पोचूनही तू रागावला असशील, कोण जाणे. आज सकाळपर्यंत वाट पाहिली. मग बाबांनी इंजिनात तेल ओतलं, आणि कपाटावरचं हेल्मेट काढून पुसायला घेतलं.

मी उठले. परात घेतली, गाडीखाली सरकवली आणि तेलाचा बोल्ट सोडला.

"अगं, काय करतेस?"

"खालचं झाकण उघडते आहे."

"आत माझी रेघ आहे."

"म्हणूनच उघडते आहे, बाबा."

त्यांचा आवाज इतका चढला की वरचं शिंपीकाकांचं मशीन थांबलं. कालची पोर मला शिकवते, कवळ्या घासणाऱ्यांनी इंजिनाला हात लावू नये, बरंच काही. मी खालीच बसून होते. तेल गळत होतं आणि ते आता कोणी परत आत घालणार नव्हतं. शेवटी आई स्वयंपाकघरातून आली. हात ओले होते.

"उघडू द्या तिला," म्हणाली. "तुमच्यामागे गॅस मी बंद करते. रोज. सांगितलं नाही इतकंच."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या ब्रेककडे, जिथली लाल रेघ मी ओढलेली आहे. हे त्यांना कधीच कळलं असणार असं आता वाटतं, माझी रेघ त्यांच्याहून बारीक येते. त्यांनी गुडघे टेकले आणि म्हणाले, "सरक. मी बघतो."

झाकण निघालं. चार बोल्ट, चारांवर लाल रेघ. पहिल्याला त्यांनी पाना लावला, हलला नाही. दुसराही घट्ट. तिसरा घट्ट होता तेव्हा मी देवाकडे क्षमा मागायला सुरुवातही केली होती. चौथ्याला त्यांनी पाना लावलाच नाही. दोन बोटांनी धरला, आणि तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

त्यांनी तो बोल्ट काढून तळहातावर घेतला आणि आईच्या स्टुलावर बसले. किती लहान दिसत होते रे. मी म्हटलं, "बाबा, मिळाला ना, झालं तर मग." त्यांनी ऐकलंच नाही. मग बोलले, ते आठवेल तसं लिहिते.

"त्या सरांची गाडी उचलून आणली ना, तेव्हा तिची चेन ताणायचे स्क्रू आवळलेले होते. आधी चेन सैल होती, सर दारातच म्हणाले होते. दादाने चाक लावलं, रेघ दिली आणि तो जेवायला गेला. गॅरेजमध्ये मी एकटा होतो."

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. चेन ताणायची तर चाकाचा नट सोडावाच लागतो.

"तुम्ही सोडलात नट?" मी विचारलं.

"आठवत नाही," ते म्हणाले. "पण चेन आपोआप ताणली जात नाही गं."

आणि दादा, ते रडले. आवाज न करता, बोल्ट मुठीत धरून. आई शेजारी उभी राहिली आणि तिने ओल्याच हाताने त्यांची पाठ चोळली. सदऱ्यावर पाच बोटं उमटली.

संध्याकाळी शिंपीकाका खाली आले, उद्या किती वाजता म्हणून विचारायला. मी काहीतरी सबब सांगणार होते. बाबाच म्हणाले, "उद्या नाही. एक बोल्ट सैल निघाला. माझा." आणि काकांना खुर्ची दिली.

सोमवारी मी त्यांना डॉक्टरकडे नेणार आहे. कबूल झालेत. आई म्हणते, विसरले नाहीत तर येतील. ते हसले, आम्हीही हसलो.

हे सगळं तुला कळव, असं त्यांनीच सांगितलं. "मी लिहिलं तर मध्येच काहीतरी सुटेल," म्हणाले. लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. मग पाकीट मागून घेतलं. मी चिकटवलं की त्याच्या झाकणावरून खाली पाठीवर ते लाल रेघ ओढणार आहेत. हातात आलं की आधी जुळते का बघ, मग उघड, असं लिहायला सांगतायत. आता उघडलंच असशील म्हणा.

शर्यतीला ये किंवा येऊ नकोस, घरी मात्र ये. तुझी निळी बाटली सापडली. बाबांच्या पेटीत तळाशी होती. मला वाटलं वाळून दगड झाली असेल, पण आई म्हणाली, "हे अधूनमधून हलवून ठेवतात की." उघडून पाहिली. पातळ आहे अजून.

चारही बोल्ट मी पुसून परत बोटांनी बसवून ठेवलेत. आवळलेले नाहीत. बाबा हात लावत नाहीत, मलाही लावू देत नाहीत.

इंजिन उघडं ठेवून वाट बघणारी,
बारकी