बाबांचा अर्धा तास

बडोदे
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. अवंती,

आशीर्वाद न लिहिताही पोचतात, पण लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही, म्हणून अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. सोहमचा खोकला गेला का? तिकडे आता थंडी वाढली असेल, कानाला बांधत जा.

मेल पाहून दचकू नकोस. आज शनिवार नाही हे मलाही ठाऊक आहे. भाजीला जाते असं बाबांना सांगून ग्रंथालयात आले. शनिवारी ते शेजारी बसून मी टाइप केलेलं सगळं वाचतात, त्यामुळे आजचं तेव्हा लिहिता आलं नसतं.

तू डब्लिनला सोहमशी कोर्टात लग्न केलंस आणि मग कळवलंस. बाबा म्हणाले, "आता माझ्याशी बोलू नकोस." आणि तू खरंच बोलली नाहीस! बापाची लेक शोभतेस. त्या रागात तू घरी लावून दिलेलं वायफायसुद्धा त्यांनी काढून टाकलं, म्हणून तर मी इथल्या कॉम्प्युटरवर येऊ लागले.

पहिल्यांदा तू पडद्यावर दिसलीस तेव्हा मी "अगं, किती वाळलीस!" असं ओरडले होते, आठवतं? सगळे वळून बघायला लागले. इथलं काम बघणारे मयंकभाई धावत आले. "माशी, अहीं वात नथी करवानी." मावशी, इथे बोलायचं नाही, म्हणे. तेव्हापासून आपली मुकी भेट. आवाज बंद, नुसतं बघायचं आणि खाली टाइप करायचं.

हे बाबांना फार मानवलं. इथे बोलायला बंदीच, म्हणजे अबोला मोडत नाही आणि लेक दिसते. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार! "पेपर वाचायला येतो," म्हणे. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने खुर्ची ओढतात. आणि एक सांगते. इथे माणशी अर्धाच तास मिळतो. मग मी तासभर कशी बसते, असं तू विचारलं होतंस ना? दुसरा अर्धा तास बाबांचा असतो. स्वतः रांगेत उभे राहतात, स्वतःचं नाव सांगतात आणि खुर्ची मला देतात.

तुझी फार आठवण येते गं. पडद्यावर तुझ्या गालाला बोट लावून पाहते मी. काच गार लागते.

आता तेच लिहायचं, जे इतका वेळ टाळतेय. दिवाळीच्या आधीपासून बाबांचा आवाज बसलाय. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला. शेवटी तपासलं. स्वरयंत्रात गाठ आहे, वाईट आहे. येत्या मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे यंत्र लावून बोलता येतं म्हणे. पण तो आवाज बाबांचा नसेल.

तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय मला. "तिला वाटेल, दया यावी म्हणून सांगितलं." एवढं बोलतानाही घसा घरघरत होता. शपथ मोडली, मोडू दे.

काल विचारत होते, "शनिवारी जायचं ना?" जायचं, म्हटलं. पण या शनिवारीही तुम्ही दोघं गप्प बसलात, तर माझ्याच्यानं नाही सहन होणार.

मयंकभाईंना सगळं सांगितलंय. ते स्वतःचा फोन देणार आहेत. बाहेरच्या ओट्यापर्यंत वायफाय पोचतं, आणि तिथे कुणी गप्प करत नाही. नेहमीच्या वेळी त्यांच्या नावानं फोन येईल, उचल. फोन बाबांच्या हातात देऊन मी आत निघून जाईन. आधी तू बोल. ते खाकरतील, मला हाका मारतील, रागावतीलही. ठेवू नकोस. कोण चुकलं ते राहू दे. आज काय रांधलंस ते सांग, सोहमबद्दल सांग. मग त्यांना बोलू दे, काय हवं ते, शिव्या दिल्या तरी.

आणि ते बोलतील ते फोनमध्ये साठवून ठेव. तुझ्यासाठी ठेव, पण एक मलाही पाठव. मंगळवारनंतर घरात मला त्यांच्या आवाजात हाक मारणारं कुणी नसेल.

वाट पाहणारी,
तुझी आई