गियरच्या तेलाचा वास

अण्णा, परवा तुमचा चेला घरी येऊन गेला. आता त्याचेही केस पिकलेत, पोट सुटलंय, माजलगावात मोठं गॅरेज आहे, आणि ऑटोमॅटिक गाडी म्हटलं की लोक आधी त्याचंच नाव घेतात. कशाला आला होता ते सांगते, पण आधी मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही होतात तेव्हा माझी छाती झाली नाही.

कारखान्याच्या वर्कशॉपमधून तुम्ही निवृत्त झालात आणि धर्मापुरीच्या रस्त्याला, आपल्या घरापुढच्या लिंबाखाली गाड्या बघायला लागलात. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मी त्याच वर्षी माहेरी परतले होते. पाऊस सलग दोन वर्षं फिरकला नव्हता. ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं, नवी गाडी घ्यायची कुणाची हिंमत होईना, म्हणून मुंबई-पुण्याहून आणलेल्या जुन्या गाड्याच सगळे दामटत होते. त्यातल्या ऑटोमॅटिकला हात लावायला दुसरा मेस्तरी धजत नसे. क्लच नाही, गियर आपोआप पडतो, म्हणजे आत भूत बसलंय असाच त्यांचा चेहरा असायचा. तुम्ही मात्र गाडी गरम होईपर्यंत फिरवून आणायचात, इंजिन चालू ठेवूनच गियरचं तेल मोजायची पट्टी बाहेर काढायचात आणि जुन्या धोतराच्या पांढऱ्या फडक्याला पुसायचात. तेल लाल असलं तर प्रश्न नव्हता. पण जुन्या गाडीचं तेल नुसत्या वयानंही काळपट होतं, तेव्हा वासावरच सगळं ठरायचं. मग "पानी पिऊन आलो" म्हणत तुम्ही फडकं घेऊन घरात यायचात, सरळ स्वयंपाकघरात. "माय, बघ बरं, कशाचा वास येतोय."

कारण तुमचं नाक गेलं होतं. तपकीर ओढून ओढून तुम्हाला फुलाचाही वास येईना झाला होता, आणि हे फक्त मला माहीत होतं. गिऱ्हाइकाला कळलं असतं तर मेस्तरीची अब्रूच गेली असती. मी पिठाचे हात तसेच वर धरून फडक्यावर वाकायची. वास नसला तर "काही न्हाई", जरा जळका असला तर "दूध बुडाला लागलंय", आणि नाकाला झोंबला तर "डाळ करपली". पहिल्याला जुनं तेल काढून नवं भरलं की भागायचं. दुसऱ्याला तेलाबरोबर आतली जाळीही बदलायची. डाळ करपली असली तर आतल्या प्लेटा जळालेल्या, गियरचा डबा उघडल्याशिवाय इलाज नाही. तसल्या डब्यात नवं तेल घातलं तर राहिलेली पकडही सुटते आणि गाडी जागची हलत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मग बाहेर जाऊन तुम्ही माझेच शब्द ऐटीत सांगायचात, "तुमचं दूध बुडाला लागलंय, साहेब." लोक हसायचे, मेस्तरी लई हुशार हाय म्हणायचे. मीही आत भाकरी थापत हसायची. सासर सोडून आलेल्या बाईला त्या घरात आपलं काही काम आहे असं वाटायला ते फडकं पुरत होतं.

मग तो आला. शिरूर कासारकडचा, आई-बाप ऊसतोडीला जाणारे, स्वतः पंचविशीचा, कोयता टाकून हातात पाना धरलेला. तुम्ही त्याला शिकवताय आणि मी खिडकीतून ऐकते आहे. "ब्रेकवर पाय ठेव. आता गियरचा दांडा डी मंदी टाक आन् मनात मोज. एक म्हनायच्या आत धक्का बसला तर ठीक हाय. तीनपर्यंत गेलं की समज, तेल कमी हाय न्हाईतर आत दाब होईना." मीही तव्यापाशी मोजते आहे. माझं उत्तर त्याच्या आधी तयार असतं, पण विचारतो कोण! एकदा चहा घेऊन बाहेर आले आणि न राहवून बोलले, "अण्णा, हिचं इंजिन नुसतं वरडतंय, गाडी पळंना. गियर घसरतोय." तुम्ही त्याच्यासमोर म्हणालात, "तू आत जा, चूल बघ." तो खाली मान घालून हसला. हसला की नाही देव जाणे, मला तसं दिसलं. त्या दिवसापासून त्याचं जेवणं, त्याचं 'अक्का, अक्का' करणं, काही म्हणजे काही बघवेना. त्याच्या ताटात मी सकाळची गार भाकरी वाढायची. एवढा जळफळाट मला सवत आली असती तरी झाला नसता.

दसऱ्याला हत्यारं मी पुसली, हळदकुंकू मी वाहिलं. पूजा झाल्यावर तुम्ही लाकडी मुठीचा तो लांब पेचकस उचललात, ज्याचं टोक गियरच्या डब्याला आणि मूठ कानाला लावून तुम्ही आतला आवाज ऐकायचात. तो त्याच्या हातात दिलात. "माझ्यामागं ह्यातलं समदं तुझं." मी आपट्याची पानं घेऊन तिथेच उभी होते. पाया पडले तेव्हा तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. मला पेचकस हवा होता.

चारच दिवसांनी दूध संघाच्या चेअरमनची गाडी आली. त्यांना चारा छावणीच्या कामासाठी दुपारी बीडला पोचायचं होतं. चेल्यानं पेचकस लावून ऐकलं, एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, "अण्णा, प्लेटा जळाल्यात. उघडावं लागंल." तुम्ही फडकं घेऊन आत आलात. मी वाकले.

"काही न्हाई," मी म्हणाले. "नव्या तेलावानी हाय."

"नीट बघ, माय."

"बघितलं की."

बाहेर जाऊन तुम्ही चारचौघांत त्याला म्हणालात, "चुकलास बे. नुसतं तेल बदल." त्याचा पडलेला चेहरा मी खिडकीतून पोटभर पाहिला. गाडी गेली आणि गावाबाहेरच्या चढाला बसली. इंजिन बोंबलतंय, चाक हलत नाही. ट्रॅक्टरनं ओढून परत आणली. चेअरमन लिंबाखाली उभे राहून तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत. "पोराचं बरोबर होतं," म्हणालात, "माझं नाक चुकलं." माझं नाव घेतलं नाहीत. घरात येऊन पाणी मागितलंत, प्यालात, आणि काही न विचारता बाहेर गेलात. त्यानंतर फडकं कधी आत आलं नाही. गाडीचा आवाज आला की मी हात धुऊन बसायची. तुम्ही त्याच्या कानावर भागवत राहिलात, आणि दोन वर्षांनी गेलात.

परवा तो आला तो हातात स्टीलची डबी घेऊन. डबीत पांढरं फडकं. "अक्का, जुनी गाडी हाय, माझं डोकं चालंना. जरा वास घे की."

"मी कावून? तू एवढा मोठा मेस्तरी."

"अण्णा म्हनले होते, तेलाचं कळंना झालं तर अक्काला विचार. माझं नाक म्हंजी तीच हाय."

"कवा म्हनले?"

"ती चेअरमनची गाडी बसली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग इतकी वर्षं विचारलं कावून न्हाई?"

"तू गार भाकर वाढायचीस," तो हसून म्हणाला. "भ्या वाटायचं."

दुसऱ्याच दिवशी, अण्णा. म्हणजे एक तर तुम्हाला काही कळलं नव्हतं, नाहीतर सगळं कळूनही तुम्ही हे बोललात. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, ते दोन दिवस ठरत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला आधी रडू नाही आलं, आधी रागच आला. एवढी मोठी गोष्ट, तीही तुम्ही त्यालाच सांगितलीत.

मी फडक्यावर वाकले. दूध बुडाला लागलंय, डाळ अजून न्हाई, असं सांगितलं. त्याला बसवून तव्यावरची गरम भाकरी वाढली. तो उंबऱ्यापाशी चप्पल घालत होता तेव्हा सगळं ओठांवर आलं होतं, पण "सावकाश जा" एवढंच म्हणाले. हे पत्र तरी कुठे टाकणार, पिठाच्या डब्याखाली ठेवते. त्या दिवशीच्या फडक्याला वास होता, अण्णा. डाळ करपल्याचा. मी वाकायच्या आधीच मला आला होता.