टवका गेलेले पाच मणी

हर्णै, १८ ऑगस्ट २०१३

ती. अब्बांस,
आलिमाचा सलाम वि. वि.

ईद छान झाली. कादिरमामा उद्या जेद्द्याला निघतोय, त्याच्यासोबत ही चिठ्ठी आणि एक डबी देते आहे. डबीत आमच्या लाँगडिंगच्या शेजारीण, लोसूकाकी, यांची माळ आहे. लग्नानंतर हम्माद मला घेऊन रस्त्याच्या कामावर अरुणाचलात गेल्यापासून आमचा शेजार या वांचो लोकांचा. तिथल्या बायका निळ्या, तांबड्या, पिवळ्या काचमण्यांच्या माळा स्वतः ओवतात आणि गळाभर घालतात. ही माळ काकींच्या आईची. दोरा पार कुजलाय आणि काकींची नजर गेली आहे, त्यामुळे त्यांना ओवता येत नाही.

त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. मीच फुशारकी मारली की माझे अब्बा जेद्द्याच्या बलद बाजारात तसबीह, म्हणजे जपमाळा, ओवतात, त्यांच्या हाताला तोड नाही. तेव्हा कुठे दिली. फेब्रुवारीत त्यांचा ओरिया सण असतो, त्या दिवशी लेकीच्या गळ्यात घालायची आहे. बाकी तुम्हाला मी काय सांगायचं?

दोन वर्षं आला नाहीत म्हणून अम्मी तुमच्या नावाने खडे फोडते. लाँगडिंगला फोन लागला तर लागला, तेव्हा उत्तर कागदावरच द्या.

तुमच्या दुव्यांवर हक्क सांगणारी,
आलिमा

—

जेद्दा, १२ सप्टेंबर २०१३

चि. आलिमा हीस अनेक दुवा.

माळ आजच पार्सलने पाठवली. चार दुपारी दुकान बंद असताना बसून गाठवली. असला दोरा घातलाय की काकींच्या नातीलाही बदलावा लागणार नाही. निळ्यांतल्या पाच मण्यांचे टवके गेले होते. आमच्या धंद्यात असा मणी ठेवत नाहीत, बोट अडकतं आणि माणूस मोजणी विसरतो. ते पाच काढले आणि त्यांच्या जोडीचे मिळवायला तीन बरण्या उपसल्या. माळ आता नव्या नवरीसारखी दिसते. काकींना म्हणावं, रत्नागिरीकडच्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.

इकडे मात्र दिवस बरे नाहीत. माझ्या इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर, घरगुती ड्रायव्हर लिहिलंय हे तुला ठाऊकच आहे. सव्वीस वर्षांत मी गाडीला हात लावला नाही. आता सरकारचा हुकूम निघालाय, ज्याच्या कागदावर जे काम, त्याने तेच करायचं, आणि दुकानांत सौदी माणसं बसवायची. ३ नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे. ज्याच्या जामिनावर इथे राहतो त्या कफीलने हात वर केलेत. अम्मीला इतक्यात सांगू नकोस, जिवाला लावून घेईल.

दोघांनी जपून राहा.
यासीन

—

लाँगडिंग, २० ऑक्टोबर २०१३

ती. अब्बांस सलाम.

कसं लिहू कळत नाही. माळ पोचली. मी मोठ्या तोऱ्यात काकींच्या हातात ठेवली. त्यांनी एकेक मणी बोटाने चाचपला, पुन्हा पहिल्यापासून चाचपला, आणि उठून आत गेल्या.

दोन दिवसांनी त्यांच्या लेकीने सांगितलं. काकींचा थोरला मुलगा लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून गळ्यातल्या माळेवर दगड आपटायचा. ते पाच टवके त्याचे. सातव्या वर्षी तो तापाने गेला. त्याचा फोटो नाही, कपडा नाही. रोज सकाळी काकी ते पाच मणी बोटाखाली घ्यायच्या.

चूक माझी आहे, अब्बा. ‘काय सांगायचं’ म्हणून मी मोकळी झाले. तुमच्या पाया पडते, ते मणी शोधा. दुकानाचं काय झालं तेही कळवा, फार काळजी वाटते.

तुमची अपराधी,
आलिमा

—

जेद्दा, १५ नोव्हेंबर २०१३

चि. आलिमास दुवा.

तुझं पत्र सात तारखेला मिळालं. तोवर मी दुकानाबाहेर होतो. खुरूजचा, म्हणजे कायमचं परतायचा, शिक्का बसलाय. १० डिसेंबरचं विमान आहे. अम्मीला आता सांग.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खराब मणी मी गल्ल्याखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. दुकानात दिसलो असतो तर पकडून नेलं असतं, तरी गेलो. गल्ल्यावर मालकाचा पुतण्या होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, पाहुण्याला देतात तसा. डबा मागितला, तोही दिला.

डब्यात सव्वीस वर्षांचे टवके आहेत, पोरी. निळेच सातशे-आठशे निघाले. तीन दिवस खोलीत चादरीवर पसरून बसलो. माझ्या हाताने काढलेले मणी मलाच ओळखू येईनात. शेवटी शोभतील असे पाच निवडून पुडी बांधली. मग माझीच मला लाज वाटली. मेलेल्या लेकराच्या जागी भलतंच ठेवायचं?

म्हणून सगळे निळे पाठवतोय. रोज चाचपणाऱ्या बोटांना ते नक्की कळतील. माझ्या वतीने त्यांची माफी माग.

यापुढे हर्णैच्या पत्त्यावर लिही.
यासीन

—

लाँगडिंग, २२ फेब्रुवारी २०१४

ती. अब्बा आणि अम्मी यांस सलाम.

तुम्ही सुखरूप घरी पोचलात, अल्लाची मेहेरबानी. दिवसभर ओटीवर नुसते बसून असता असं अम्मी लिहिते.

मी तुम्हाला मणी सापडले म्हणून लिहिणार होते. अर्धं पत्र तसं लिहून फाडलं.

डबा आल्यापासून काकी रोज सुपात मूठभर मणी घेऊन उन्हात बसायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना दोन सापडले, त्या हसल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, हे नव्हेत. मग दुसरे काढले, तेही परत टाकले. असे दोन महिने गेले. ओरियाच्या आदल्या दिवशी त्यांनी डबा माझ्या दारात आणून ठेवला.

मी म्हटलं, राहू दे, सापडतील. तर म्हणाल्या, “आधी माळ हातात नसताना नुसती बोटं मिटली तरी त्याचा टवका लागायचा. आता सगळेच लागतात. त्याचा कुठला, ते मी विसरले.”

तुमच्यावर राग नाही म्हणाल्या. लेकीने सणाला माळ घातली होती, तिच्याकडे मात्र काकींनी हात नेला नाही.

तुमची,
आलिमा