शेवटच्या दोन ओळी

४ फेब्रुवारी
आरोग्याचा रकाना चार वाजता दिला. काळी द्राक्षं आणि हृदय. सालीतली पॉलिफेनॉल रक्तवाहिन्या सैल राहायला मदत करत असावीत. पुरावा अजून लहान अभ्यासांचा. दोन ओळी जास्त भरल्या. पान लावणारा म्हणाला, "बाई, शेपूट कापा." शेवटची सूचना कापली — चालू गोळ्या बंद करू नका. मधला कोल्ह्याचा विनोद मात्र ठेवला.

५ फेब्रुवारी
छापून आला. संपादक म्हणाले, खुसखुशीत.

११ फेब्रुवारी
पुन्हा रकान्याचा दिवस. साडेतीनला दादाचा फोन. "काय पत्रकारबाई, आमची द्राक्षं जोरात चालू आहेत." बराच वेळ बोलत होता. मी टाइप करता करता हो-हो करत राहिले. अक्रोडाचा लेख वेळेत गेला.

२० फेब्रुवारी
वहिनीचा फोन. दादा जिन्यात चक्कर येऊन पडला. रक्तदाब दोनशेच्या वर. आठवडाभर गोळ्या बंद होत्या! "तुमचा लेख फ्रिजवर चिकटवलाय यांनी. रोज वाटीभर खातात." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी
हॉस्पिटलात गेले. दादाचा डावा हात अजून जड आहे. थोडक्यात निभावलं म्हणे. डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं, "गोळ्या सोडायला कुणी सांगितलं?"
"कुणी नाही हो. माझाच शहाणपणा."
मी पाण्याची बाटली भरायला घेतली. ती भरलेलीच होती. सतरा वर्षं लोकांना डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला म्हणून सांगतेय. आज दोन हातांवर डॉक्टर उभे होते आणि माझं तोंड उघडलं नाही.

२२ फेब्रुवारी
खुलासा लिहिला. सूचना मी कापली, चूक माझी, असं स्पष्ट. संपादक कुरकुरले, पण उद्या छापतील. घरी येताना हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली.

२३ फेब्रुवारी
खुलासा दादाला दाखवला. चष्मा लावून त्यानं सावकाश वाचला.
"अगं, लेख वाचून कोण गोळ्या सोडतं? मी तुला फोन करून विचारलं ना. दोनदा विचारलं. तू दोन्ही वेळा हो म्हणालीस."